डॉक्टरीणबाईंच्या आईचा कागद

बुलढाण्याच्या आमच्या घरात कपबश्या तीन ठिकाणी ठेवलेल्या असत. स्वयंपाकघरातल्या फळीवर घरच्यांच्या आणि सोयऱ्यांच्या, ओटीवरच्या काचेच्या कपाटात नानांकडे येणाऱ्या वकील-मुन्सफांच्या, आणि मागच्या दाराजवळच्या कोनाड्यात, राखेच्या डब्याशेजारी, बाकीच्यांच्या. बाकीचे म्हणजे देऊळघाटाहून येणारे मुसलमान पक्षकार, शाळेतले ख्रिस्ती ड्रॉइंग मास्तर, आणि कधी कोणी परगावचा माणूस, ज्याची जात विचारायला संधी मिळालेली नसे. त्याहून खालचे समजले जाणारे लोक अंगणाच्या कडेला उभे राहत. त्यांच्यासाठी कप नव्हताच. कोनाड्यातला कप वापरून झाला की भांडी घासणारी कौसाबाई त्यावर उंचावरून पाणी ओतत असे, फडक्यात धरून राखेने घासत असे आणि पुन्हा उपडा ठेवत असे. या व्यवस्थेबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नसे. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत मला ती व्यवस्था आहे हेही कळले नव्हते. कोणता कप कुणाला न्यायचा हे मात्र मला सहाव्या वर्षापासून ठाऊक होते.

नाना, म्हणजे माझे वडील, जिल्हा कोर्टात वकिली करीत. देऊळघाटला आमची जमीन होती, तिचे धान्य, तूर आणि शेंगा गाडीने घरी येत. नाना दोन मराठी बोलत. सभेत आणि कोर्टाच्या आवारात पुण्याची, घरात आईशी वऱ्हाडी. आई डोणगावची, तिला एकच येत होती आणि ती तिला पुरत होती. घरात सकाळी आधी जात्याचा आवाज येई, मग नानांच्या इंग्रजी वर्तमानपत्राचा फडफडाट, मग मलकापूरच्या मोटारीचा भोंगा. गावाला आगगाडी नाही. मलकापूर स्टेशनावर उतरायचे आणि मोटारीने राजूरचा घाट चढून वर यायचे. याच घाटात, उलट दिशेने जाताना, माझ्या वहिनीचे पहिले बाळंतपण झाले आणि मूल दगावले. तालुक्यात बायकांची डॉक्टर नव्हती. पुरुष डॉक्टरला आत घ्यायला घरातल्या कोणाची तयारी नव्हती, वहिनीचीही नव्हती.

त्या सुमारास नानांनी वर्तमानपत्रात वाचले की युरोपातून ज्यू डॉक्टरांना हाकलून देत आहेत आणि त्यांना कोणताही देश घ्यायला तयार नाही. मुंबईची एक मदत संस्था त्यांच्यासाठी हिंदुस्थानात जागा शोधत होती. नानांनी चार वकील आणि एक आडत्या जमवून समिती केली. ठरले असे की आधी एक कुटुंब आणायचे, ते रुळले की आणखी पाच. पहिल्या बैठकीत दोन ठराव झाले. एक निर्वासितांबद्दल सहानुभूतीचा, दुसरा येणाऱ्या बाईंनी दवाखान्यात रोज किती तास बसावे याचा. चर्चा दुसऱ्यावरच झाली. मी ओटीवर बसून नानांच्या सांगण्यावरून कार्यवृत्त उतरवून घेत होते. माझे अक्षर समितीत सर्वांत चांगले होते.

डॉ. नॉयमान व्हिएन्नाहून आल्या. बरोबर नवरा, सहा वर्षांची मुलगी, पुस्तकांच्या दोन पेट्या आणि पिसांची एक जाडजूड रजई. नवरा तिकडे वकील होता. त्या कायद्याचा इकडे उपयोग नव्हता, तो दवाखान्याची नोंदवही ठेवू लागला. समितीने त्यांना दवाखान्यामागच्या दोन खोल्या दिल्या. पहिले जेवण आमच्याकडे होते. नानांनी त्यासाठी बाजारातून जर्मन सिल्व्हरची तीन ताटे, तीन वाट्या आणि निळ्या काठाच्या कपबश्या नवीन आणवल्या. पाने ओटीवर मांडली. पुरणपोळी, तूप, वरणभात, अंबाडीची भाजी, मुलीसाठी गुळाची धिरडी. अंबाडीच्या पहिल्या घासाला नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, मिरचीमुळे. त्याने तरीही भाजी संपवली आणि पुन्हा मागितली. नाना शेजारी खुर्चीवर बसून आग्रह करीत होते. आपण नंतर जेवणार असे त्यांनी सांगितले. नंतर ते आत सोवळे नेसून जेवले. जेवण झाल्यावर ती ताटे कोनाड्यात गेली आणि कायमची तिथेच राहिली.

बाई हुशार होत्या. तीन महिन्यांत त्यांनी देवनागरी अक्षरे गिरवली आणि रोगिणींकडून वऱ्हाडी उचलली. 'कुठी दुखून राह्यलं?' असे त्या विचारत तेव्हा दवाखान्याच्या पडवीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत आणि मग खरे काय ते सांगत. माझे त्यांच्याकडे रोज जाणे होते. मी त्यांना मराठी शिकवायची, त्या माझे इंग्रजी सुधारायच्या. आमचे बोलणे बहुतेक इंग्रजीत होई. इथे मराठीत देते आहे.

वहिनीचे दुसरे बाळंतपण आमच्याच घरात झाले. दोन दिवस अडली होती. बाई त्या दोन दिवसांत बाळंतिणीच्या खोलीतून फक्त हात धुण्यापुरत्या बाहेर आल्या. मुलगा झाला, वहिनी जगली. ती खोली तशीही विटाळाची. तिथे कुणाच्याही हाताला हरकत नव्हती. बाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. आईने डोळे पुसत स्वतः चहा केला, भरपूर आले घालून, आणि मला म्हणाली, "कोनाड्यातला घे." मी घेतला. त्या दिवशी काही वाटले नव्हते.

बाईंनी कप दोन्ही हातांत धरला आणि निळा काठ पाहत राहिल्या. मग मला विचारले, हा कप नेहमी माझ्यासाठीच येतो, बाकीच्या भांड्यांत कधी मिसळत नाही, माझ्या लक्षात आले आहे. तुम्हाला कोणी सांगितले? मला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावले. त्यांच्या धर्मात दुधाची भांडी वेगळी आणि मांसाची वेगळी असतात, परक्या घरच्या भांड्यात कडक माणसे जेवत नाहीत. त्या स्वतः ते पाळत नव्हत्या, पण त्यांची आई पाळत होती, सगळे आयुष्य. "आमच्या शहरात शेजाऱ्यांनी आमची भांडी खिडकीतून रस्त्यावर फेकली," त्या म्हणाल्या, "आणि इथे तुम्ही माझ्यासाठी नवीन विकत घेऊन वेगळी ठेवलीत." त्या रडू लागल्या. आईने मला विचारले, "काऊन रडते ते? काय म्हणते?" मी आईला म्हणाले, चहा छान झाला म्हणतात. आणि बाईंना म्हणाले, नानांनी तुमच्या धर्माबद्दल पुस्तकात वाचले होते. एका मिनिटात दोन भाषांत दोन खोटी वाक्ये. दोन्ही मला सहज सुचली.

नानांना मी ते रात्रीच्या जेवणाआधी सांगितले, गंमत म्हणून. ते आधी चपापले, मग हसले, मग विचारात पडले. पुढच्या आठवड्यात समितीच्या सभेत त्यांनी सांगितले की वऱ्हाडच्या माणसाला परधर्माची बूज कशी राखावी हे शिकवावे लागत नाही. त्यांच्या धर्माची भांडी आमच्या घरात वेगळी जपलेली आहेत, कोणीही येऊन पाहावे. टाळ्या झाल्या. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी कार्यवृत्तात ते वाक्य लिहिले.

बाईंनी ही हकिकत व्हिएन्नाला आईला कळवली. म्हातारीने तोवर घर सोडायला नकार दिला होता. म्हणत होती, भ्रष्ट भांड्यांत जेवून जगण्यापेक्षा इथेच बरी. आता तिचे पत्र आले: असे घर असेल तर येते. बाई पत्र घेऊन आमच्याकडे धावत आल्या, वाचून दाखवले, दोनदा. पण नियम असा होता की वृद्ध माणसाला आणायचे तर इथल्या एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाने हमीचा कागद भरून द्यायचा, आणि ते माणूस हमीदाराच्या घरी राहील असे त्यात लिहायचे. नुकत्याच आलेल्या निर्वासिताची हमी चालत नसे. मलकापूरच्या जिनिंग फॅक्टरीचे पारशी मॅनेजर सही करायला तयार होते. त्यांच्या सुनेला बाईंनी वाचवले होते, बंगल्यात खोल्या रिकाम्या होत्या. बाईंनी त्यांचे आभार मानले आणि नाही म्हटले. त्यांच्या स्वयंपाकघरात सगळे शिजत होते, आई तिथे पाण्याचा घोट घेणार नाही. आमच्या घरात मांस शिजत नव्हते, आणि आम्हाला समजत होते.

कागद ओटीवरच्या टेबलावर ठेवून बाई नानांना म्हणाल्या की आई स्वतःची चार भांडी घेऊन येईल, ती कुणाला त्रास देणार नाही, तिला तुमच्या स्वयंपाकघराचा फक्त एक कोपरा हवा. मी भाषांतर केले. नाना म्हणाले, अवश्य, यात विचारायचे काय. बाई गेल्यावर आई दारात आली. तिने सगळे ऐकले होते.

"कोपरा म्हणजे? माह्या चुलीपाशी?"

"बोलण्याची पद्धत असते ते," नाना म्हणाले. "पाहू."

"तिच्या हातानं आपल्या घरात पोर आलं, हे मी विसरली नाही. तिले काय द्याचं ते द्या. पण सैपाकघर नाही. तुमी सही करा, मी डोणगावले जाते. मंग तुमी अन् थे म्हातारी बसा वरण शिजवत."

नाना हसले. आईचा स्वभाव पाहता ती खरोखर गेली असती. मला तिचा राग येत नाही. तिने जे होते ते सांगितले, आणि बाईंची भाषा तिला येत असती तर बाईंनाही तोंडावर सांगितले असते, मग बाई दुसऱ्याच दिवशी मलकापूरला गेल्या असत्या. नानांनी नाही म्हटले नाही आणि सहीही केली नाही. कागद कायद्याच्या पुस्तकाखाली गेला.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. बाई दर सोमवारी दवाखाना आटोपून येत आणि कागदाचे विचारीत. आधी नाना म्हणाले, वाक्यरचना तपासतो आहे, वकिलाने डोळे मिटून सही करू नये. मग म्हणाले, देऊळघाटच्या जमिनीचे काम निघाले. मग अधिक महिना लागला आणि त्यांना आधार मिळाला. या महिन्यात आमच्यात नवीन कार्य हाती घेत नाहीत, ते त्यांनी बाईंना गंभीरपणे समजावून सांगितले. म्हणाले, तुमच्यासारखेच आमचेही नियम असतात. बाईंनी मान डोलावली. ज्या बाईंच्या आईने भांड्यांपायी शहर सोडले नव्हते, त्यांना हे कारण पटले, आदरणीयही वाटले. नाना अधिक महिन्यात कोर्टात नवीन दावे दाखल करीत होते.

घरात जावयासाठी अनारसे तळणे चालू होते. तुपाचा आणि खसखशीचा वास ओटीपर्यंत येई. एका सोमवारी आईने बाईंना पळसाच्या पानावर चार अनारसे दिले. बाईंनी ते लगेच खाल्ले नाहीत, आधी आईला कसे करायचे ते विचारून लिहून घेतले. कारण यात काही निषिद्ध नव्हते. व्हिएन्नाहून म्हातारी आल्यावर तिला करून घालता येणार होते. आईने शांतपणे सांगितले: तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, गूळ किसून कालवायचा, तूप मंद हवे. मी भाषांतर करीत होते. मला आईकडे पाहवले नाही, नानांकडे पाहवले नाही. पुढे कित्येक वर्षे मला अनारशाचा वास सहन होत नसे, आणि त्याचे कारण कोणी विचारले तर मी पित्त सांगत असे.

मग मी एकदा ठरवून दवाखान्यात गेले. वाक्य इंग्रजीत पाठ केले होते: मलकापूरची सही घ्या, आमची भांडी तुमच्यासाठी वेगळी नाहीत, तुमच्यापासून वेगळी आहेत. बाई जमिनीवर बसून मुलीच्या फ्रॉकची शिवण सोडत होत्या. मुलगी वाढली होती. त्यांनी मला पाहून विचारले, "नानानं सही केली काय?" मी म्हणाले, महिना संपला की करतील. त्या म्हणाल्या, बरं. मी शाळेला उशीर होतो म्हणून निघाले. मला भीती कशाची वाटली हे मी नंतर पुष्कळ तपासले आहे. नाना मारणारे नव्हते. मला माझे वजन जपायचे होते, त्या घरात आणि या घरातही. याहून मोठे कारण मला सापडलेले नाही.

अधिक संपून निज श्रावण लागला, आणि त्यातच युद्ध सुरू झाले. नानांनी बातमी सकाळी वाचली. आता तिकडच्या माणसाला इकडे आणण्याची वाट बंद झाली, हे त्यांनीच आम्हाला समजावून सांगितले. बाईंचा नवरा शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून सरकारने छावणीत नेला. काही महिन्यांनी सोडला. युद्ध सुरू झाले त्याच आठवड्यात, एका दुपारी, नानांनी पुस्तकाखालचा कागद काढला, झटकला आणि सही केली. पूर्ण नाव, पदवी, हुद्दा. तारीख घातली नाही. मग मला बोलावून म्हणाले, "याची एक बातमी कर. पाच-सहा ओळी. मी नागपूरला पाठवतो."

मी केली. बुलढाण्याच्या एका प्रतिष्ठित वकिलांनी एका निर्वासित ज्यू डॉक्टरीणबाईंच्या वृद्ध मातोश्रींना स्वतःच्या घरी आश्रय देण्याची हमी लिहून दिली असून, दुर्दैवाने युद्धामुळे त्यांचे येणे लांबणीवर पडले आहे. प्रत्येक शब्द खरा होता. माझी छापून आलेली ही पहिली बातमी. पुढे नागपूरला तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. नवीन पोरांना सांगत असे की कोण, काय, कुठे, केव्हा हे पहिल्या दोन ओळींत आले पाहिजे. माझ्या पहिल्या बातमीत 'केव्हा' नाही. विसरून राहिले नव्हते. नानांनी पाठ थोपटली. समितीने अभिनंदनाचा ठराव केला. आणखी पाच कुटुंबांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

म्हातारीचे काय झाले ते बाईंना युद्ध संपल्यावर एका कार्यालयाच्या एका ओळीच्या पत्रातून कळले. तिला शहरातून पूर्वेकडे नेण्यात आले, पुढची नोंद नाही. मलकापूरची सही वेळेवर झाली असती तर ती नक्की सुटली असती, असे मी लिहिणार नाही. तसा पुरावा नाही. चार महिने वाट उघडी होती आणि त्या चार महिन्यांत कागद आमच्या टेबलावर होता, एवढे मी लिहू शकते. नाना ऐंशी वर्षे जगले. त्यांच्या मृत्युलेखात हमीचा उल्लेख होता. तो मी लिहिला नव्हता, पण प्रुफे माझ्यासमोर आली आणि मी ते वाक्य काढले नाही.

बातमी छापून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. बाईंच्या टेबलावर ते वर्तमानपत्र होते, कोणीतरी आणून दिलेले. त्या बोट ठेवून अक्षर अक्षर लावत वाचत होत्या. 'हमी' जमले, 'मातोश्री' मी सांगितले. शेवटापर्यंत वाचून त्यांनी परत वर जाऊन पहिल्या ओळीवर बोट ठेवले.

"सही केव्हा केली?"

मी वार सांगितला. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले नाही. युद्ध कोणत्या वारी सुरू झाले हे त्यांना पाहावे लागत नव्हते.

"आणि तोपर्यंत काऊन नाही?"

तेव्हा मी सांगितले. पाठ केलेले वाक्य आठवले नाही, इंग्रजीही आठवले नाही, मराठीतच सांगितले. कोनाडा कोणासाठी आहे, ताटे कुठे असतात, कौसाबाई कप कसा घासते, आई कोपऱ्याबद्दल काय म्हणाली. पुस्तकाचे मी खोटे सांगितले होते हेही सांगितले. काही शब्द त्यांना कळले नसतील म्हणून मी सोपे करून पुन्हा सांगू लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवले. कळले होते.

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्यांनी विचारले, आवाज न चढवता, रोगिणीला विचारावे तसे:

"हे तुले आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मलकापूरच्या माणसाले मी नाही म्हटलं, तेव्हा?"

"तेव्हाही."

पडवीत बायका थांबल्या होत्या, एक मूल रडत होते. बाई उठल्या, हात धुतले, टॉवेलने बोटे एकेक कोरडी केली. दाराशी जाऊन त्यांनी पुढच्या बाईचे नाव पुकारले आणि ती आत येईपर्यंत दार उघडे धरून उभ्या राहिल्या, मला बाहेर जाता यावे म्हणून.